फ्लोरेन्सच्या फेरागामो शूज म्युझियमची स्टुडंट व्हिजिट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इटली टूरची तारीख जाहीर झाली की ग्रुपवर रात्री अकरा-साडेअकरानंतर तेच तेच प्रश्न सुरू होतात, मुलांचे वेगळे आणि पालकांचे वेगळे, म्हणून सगळं एकदाच इथे लिहून ठेवते. फुटवेअर आणि अॅक्सेसरी डिझाइनच्या मुलांना समोर ठेवून लिहिलंय, पण फॅशनवाल्यांनी आणि नुसतंच फिरायला येणाऱ्यांनीही वाचलं तर चालेल.

शूजचं म्युझियम म्हणजे शेवटी शोरूमच ना?

वर खरंच शोरूम आहे, म्हणजे एकाच बिल्डिंगमध्ये दुकान आणि म्युझियम दोन्ही आहेत, त्यामुळे हा प्रश्न अगदी चुकीचा नाहीये. पण म्युझियम खाली तळघरात आहे. ते १९९५ मध्ये सुरू झालं आणि साल्व्हातोरे फेरागामो या माणसाने १९२० च्या दशकापासून १९६० पर्यंत जे बनवलं तो तिथला मुख्य ऐवज. कलेक्शनमध्ये दहा हजारांहून जास्त मॉडेल्स आहेत, शिवाय लाकडी लास्ट (पायाच्या आकाराचे साचे), पेटंटचे कागद, जाहिराती, फोटो. आता कंपनी स्वतःच स्वतःचं म्युझियम चालवते म्हटल्यावर थोडी स्वतःची आरती असणारच, ते धरूनच चला. टीकेचं पान कुठल्या भिंतीवर लावलेलं सापडणार नाही, ते आपण आपल्या वहीत लिहायचं.

हा फेरागामो नक्की कोण? ब्रँड माहितीये, माणूस माहीत नाही.

जन्म १८९८, गाव बोनितो, नेपल्सपासून आत डोंगरात, कॅम्पानिया भागात. चौदा भावंडांतला अकरावा. घरची गरिबी होती आणि तरीही घरच्यांना त्याने चांभारकाम करू नये असंच वाटायचं, कारण त्या भागात ते सगळ्यात हलकं काम समजलं जायचं. त्याची स्वतःची गोष्ट अशी की बहिणीला चर्चच्या विधीसाठी पांढरे शूज हवे होते, आणायला पैसे नव्हते, तर या नऊ वर्षांच्या पोराने रात्रीत बसून ते बनवले. त्यानंतर घरच्यांचा विरोध संपला.

पुढे सोळाव्या वर्षाच्या आसपास बोटीने अमेरिका. आधी बॉस्टन, तिथल्या कारखान्यात मशीनवर धडाधड बनणारे शूज बघून ते त्याला अजिबात आवडले नाहीत, मग कॅलिफोर्नियात सांता बार्बरा, तिथे सिनेमा कंपनीसाठी काउबॉय बूट, मग १९२३ मध्ये हॉलिवूडमध्ये स्वतःचं दुकान. दिग्दर्शक सेसिल डीमिलच्या भव्य पौराणिक सिनेमांतल्या सँडल्स त्याच्या. आणि हे सगळं चालू असताना पठ्ठ्या युनिव्हर्सिटीत जाऊन अॅनाटॉमी शिकला, कारण शूज दिसतात छान पण पाय दुखतात, हे का, हे त्याला शोधायचं होतं. उभं राहिल्यावर शरीराचा भार पायाच्या कमानीवर उभा खाली येतो हे त्याने डोक्यात पक्कं केलं आणि कमानीला आधार देणं हा त्याच्या सगळ्या कामाचा पाया झाला.

१९२७ ला इटलीत परत, फ्लोरेन्सला, कारण हाताने उत्तम काम करणारे कारागीर तिथे मिळत होते. १९३३ मध्ये दिवाळं निघालं. हो, चक्क दिवाळं. अमेरिकन गिऱ्हाइकावर सगळा धंदा आणि तिकडे मंदी, दुसरं काय होणार! मग हळूहळू पुन्हा उभा राहिला आणि १९३८ मध्ये ज्या इमारतीत आज म्युझियम आहे तो अख्खा पालाझ्झो, म्हणजे जुना महाल, विकत घेतला. १९६० ला वारला, पुढचा कारभार बायकोने, वांडाने, सांभाळला आणि मुलांनीही.

तो वेज हीलचा किस्सा मॅडम दरवेळी सांगतात, तो एकदा नीट लिहून द्या ना.

देते, कारण म्युझियममध्ये बघण्यासारखं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे.

हील असलेल्या शूजमध्ये टाच उंच असते आणि पंजा जमिनीवर, मधली कमान हवेत. ती खाली बसू नये म्हणून इनसोल आणि सोलच्या मध्ये स्टीलची एक पट्टी घालतात, तिला शँक म्हणतात, हे तुम्ही पहिल्या सेमिस्टरला शिकलात. आता १९३५ ला मुसोलिनीने इथिओपियावर हल्ला केला, लीग ऑफ नेशन्सने इटलीवर निर्बंध घातले, आणि जे काही चांगलं स्टील होतं ते सैन्याकडे जायला लागलं. फेरागामोला मिळायचं ते इतकं फालतू की शँक तुटायला लागले आणि शूज परत यायला लागले.

मग त्याने काय केलं, तर शँकचा प्रश्न सोडवायच्या ऐवजी शँकची गरजच काढून टाकली. टाच आणि पंजा यांच्या मधली पोकळी सार्डिनियातल्या बुचाच्या तुकड्यांनी भरून काढली, चिकटवले, तासून काढले, झालं. कमान हवेत नाहीच, तर मोडणार काय? बूच हलकं, चालताना मऊ, आणि देशातच मिळणारं. हा वेज, म्हणजे टाचेपासून पंजापर्यंत सलग भरीव हील, त्याने १९३७ च्या सुमाराला पेटंट केला आणि काही वर्षांत जगभर सगळ्यांनी कॉपी केला. आज रेल्वे स्टेशनबाहेर तीनशे रुपयाला जी वेज सँडल मिळते ना, तिचं मूळ हे आहे.

तर डिस्प्लेसमोर उभं राहून "वॉव काय रंग" एवढ्यावर थांबू नका. बाजूने बघा. गुडघे वाकवून, काचेच्या लेव्हलला डोळे आणून, कमानीखाली काय चाललंय ते बघा. मी तरी अजून असा एकही विद्यार्थी बघितला नाही जो खाली वाकून बघितल्यावर कंटाळलाय.

बाकी कुठले जोड चुकवू नयेत?

१९३८ चा रेनबो प्लॅटफॉर्म, हॉलिवूडची नटी ज्युडी गार्लंड हिच्यासाठी बनवलेला. बुचाचे थर, प्रत्येक थरावर वेगळ्या रंगाचं स्वेड, वरचे पट्टे सोनेरी. फोटोत सगळ्यांनी बघितलेला असतो पण प्रत्यक्षात थर कसे कमी-कमी होत गेलेत ते बघा, प्लॅटफॉर्म जड दिसत नाही त्याचं कारण तिथे आहे.

१९४७ ची इनव्हिजिबल सँडल. वरचा भाग नायलॉनच्या पारदर्शक धाग्याचा, मासेमारीच्या दोऱ्यासारखा, आणि खाली आत खोल कापलेली वेज, बाजूने बघितलं तर इंग्रजी एफ अक्षरासारखी. त्या वर्षीचा नायमन मार्कस हा फॅशनमधला पुरस्कार त्याला मिळाला, त्याच वर्षी फॅशन डिझायनर ख्रिस्तियन दिओरलाही मिळाला होता. पण दुकानात ही सँडल फारशी चालली नाही. हे मला फार आवडतं, कारण तुम्हाला वाटतं की म्युझियममध्ये आहे म्हणजे तुफान खपलेलं असणार.

दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासचे जोड वेगळे काढून बघा. चामडं मिळेना तेव्हा राफिया, हेम्प, सेलोफेन, माशाची कातडी, सुईने विणलेली लेस. सेलोफेनची आयडिया चॉकलेटच्या चकचकीत कागदावरून आली असं सांगतात. ५० च्या दशकातली केज हील पण बघा, टाच म्हणजे नुसता धातूचा पोकळ पिंजरा, आणि बघताना स्वतःला विचारा की याच्यावर ५५-६० किलोचं माणूस उभं राहतं तर भार कुठून कुठे जातोय. आणि १९५१ ची किमो, पट्ट्यांची सँडल आणि आत बदलता येणारा मोजा, ताबी या जपानी मोज्यावरून सुचलेली. एकाच सँडलला चार कपड्यांवर चार मोजे, हिशेबी गिऱ्हाइकाचा पूर्ण विचार.

लाकडी लास्टसमोर मात्र सगळेच थांबतात. आपल्याकडे जुने लोक कलबूत म्हणतात तेच. एकेका गिऱ्हाइकाच्या पायाचा एकेक, वर नावं लिहिलेली. मापात फरक पडला की त्यावरच चामड्याचे तुकडे चिकटवून दुरुस्ती. मोठमोठ्या नट्यांच्या पायाला कुरूप होतं, एक पाय दुसऱ्यापेक्षा मोठा होता, हे सगळं त्या लाकडात दिसतं.

मर्लिन मन्रोचे शूज आहेत का?

हो, कलेक्शनमध्ये आहेत, लाल खड्यांचे ते हाय हील्स कंपनीने १९९९ च्या लिलावात परत विकत घेतले. तिच्या बऱ्याचशा जोडांची हील ११ सेंटीमीटर. पण ते तुम्ही जाल त्या दिवशी मांडलेले असतील याची गॅरंटी मी देत नाही, का ते खाली वाचा.

म्हणजे सगळे शूज कायम डिस्प्लेला नसतात?

नसतात. प्रदर्शनं विषयाप्रमाणे बदलतात. आणि दुसरं म्हणजे शूज फार नाजूक. रंगवलेलं चामडं, सिल्क, सॅटिन यांना उजेडाने इजा होते आणि ती भरून येत नाही, म्हणून असल्या वस्तूंना जगभरातली म्युझियम्स साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपासच लाइट देतात. आत शिरल्यावर "किती अंधार आहे" असं वाटेल, दोन मिनिटं थांबा, डोळे सरावतात. आणि एकच शू वर्षानुवर्षं मांडून ठेवत नाहीत, आळीपाळीने विश्रांती देतात.

फुटवेअरवाल्यांसाठी आणखी एक. एका शूमध्ये चामडं, लाकूड, लोखंडी खिळे, गोंद, कापड, रबर सगळं एकत्र असतं आणि प्रत्येकाचं म्हातारपण वेगळं. हवा दमट असली की खिळे गंजतात आणि चामड्यावर बुरशी, कोरडी असली की चामडं तडकतं. आणि आजकालचे पॉलियुरेथेनचे सोल तर हवेतल्या ओलाव्याने आपोआप भुगा होतात, कपाटात ठेवलेल्या स्पोर्ट्स शूजचा सोल एका दिवशी हातात तुकडे होऊन येतो ना, तेच. म्हणजे १९३८ चं बूच टिकलं आणि तुमचे चार वर्षांपूर्वीचे स्नीकर्स टिकणार नाहीत. रिपोर्टमध्ये यावर कोणी लिहिलं तर मी खूश होईन.

फोटो, रील काढता येतील?

फ्लॅश बंद. ट्रायपॉड, सेल्फी स्टिक बॅगेत. बाकी त्या त्या प्रदर्शनाचे नियम दारावर विचारायचे आणि जे सांगतील ते ऐकायचं, "इतके लांबून आलोय" हा डायलॉग तिथे मारायचा नाही. रील करायचं तर बाहेर चौकात करा, इमारत तशीही किल्ल्यासारखी मस्त दिसते.

स्केचबुक लागेल का? असाइनमेंट आहे का?

दोन्हीचं उत्तर हो. पेन नाही, पेन्सिल, म्युझियमवाल्यांना शाईची धास्ती असते. असाइनमेंट अशी की एकच जोड निवडायचा, फेमस असलाच पाहिजे असं नाही, उलट नसला तर बरं. त्याचा साइड व्ह्यू काढायचा, मापं अंदाजाने लिहायची, आणि मग तो कुठल्या क्रमाने बनला असेल ते लिहायचं, म्हणजे आधी काय कापलं, लास्टवर काय ताणलं, शिलाई कुठे लपवली, हील कशी बसवली. त्यानंतर एक प्रश्न, यात काय मिळत नव्हतं म्हणून काय वापरलंय? काही जणांना वाटतं हा इतिहासाचा प्रश्न आहे. नाही, हा मटेरियलचा प्रश्न आहे आणि नोकरीत रोज येणार आहे, सप्लायर म्हणतो हा माल नाही, तो घ्या.

म्युझियम आहे कुठे, स्टेशनवरून कसं जायचं?

पियाझ्झा सांता त्रिनितामध्ये, पालाझ्झो स्पिनी फेरोनी, आर्नो नदीच्या पुलाला लागूनच. सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनवरून चालत पंधरा मिनिटं धरा, वाटेत व्हिया तोर्नाबुओनी लागतो तो सगळा महागड्या दुकानांचा रस्ता आहे, तिथे विंडो शॉपिंग करत बसलात तर पाऊण तास. रोमहून फास्ट ट्रेनने दीड तास, मिलानहून साधारण दोन. इमारत १२८९ ची, स्पिनी नावाच्या सावकार घराण्याची, आणि फ्लोरेन्स इटलीची राजधानी होतं तेव्हा, १८६५ ते १८७१, इथे नगरपालिका होती. तळघरात एक जुनी विहीर आहे, तिला कवी दान्तेच्या प्रेयसीचं, बिआट्रिसचं, नाव जोडतात. खरंखोटं दान्तेला माहीत.

किती वेळ लागतो?

बघायचंच असेल तर एक तास. वर सांगितलेली असाइनमेंट करायची असेल तर दोन-अडीच. त्याच दिवशी उफिझी गॅलरी पण ठेवू नका, दोन्हीचा विचका होतो. आणि उफिझी सोमवारी बंद असते हे लक्षात ठेवून दिवस ठरवा.

तिकीट, ग्रुप बुकिंग?

दर आणि वेळा बदलतात म्हणून म्युझियमच्या अधिकृत वेबसाइटवरच बघायचं, मी इथे आकडा लिहिला की पुढच्या वर्षी कोणीतरी त्याचा स्क्रीनशॉट घेऊन माझ्याशी भांडणार. ग्रुपचं बुकिंग आधी ईमेलवर करायचं, कॉलेजच्या लेटरहेडवर, मुलांची संख्या आणि कोर्स काय ते लिहून, आणि गाइड इंग्रजीत हवा असेल तर तसं स्पष्ट लिहायचं. कॉलेजचं आयकार्ड प्रत्येकाच्या गळ्यात, हॉटेलवर नाही.

(पालकांकडून) व्हिसाचं काय? किती आधी?

शेंगेन शॉर्ट स्टे व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळायची मारामार असते, त्यामुळे लवकर. मोठ्यांची फी ९० युरो अधिक सेंटरचा सर्व्हिस चार्ज. किमान ३०,००० युरो कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स बंधनकारक. बाबांचं बँक स्टेटमेंट, स्पॉन्सर लेटर, कॉलेजचं नो ऑब्जेक्शन, हे एका फाइलमध्ये. आदल्या रात्री खात्यात एकदम दोन लाख भरू नका काका, ते लोक बघतात.

(पालकांकडून) व्हेज मिळेल ना?

मिळेल, इटलीत उपाशी कोणी राहत नाही. पास्ता, पिझ्झा आहेच, शिवाय फ्लोरेन्सचं रिबोलिता नावाचं शिळा पाव, राजम्यासारख्या शेंगा आणि पालेभाजी घातलेलं घट्ट सूप असतं, आपल्या फोडणीच्या पोळीच्या जातीचं प्रकरण, शिळ्याचं सोनं. पण त्यात मटणाचं पाणी वापरलंय का ते विचारायचं. गाडीवर लांप्रेदोत्तो म्हणून सँडविच मिळतं ते गायीच्या पोटाचं असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी वास घेत पुढे जायचं. आणि पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पदार्थ, असतं, त्यामुळे कडक शाकाहारी आणि जैन मुलांनी चीज शिवाय म्हणून सांगायचं, हे बऱ्याच जणांना परत आल्यावर कळतं आणि मग घरी रामायण.

व्हिजिटला पायात काय घालू?

सपाट, वापरून सैल झालेलं काहीतरी. सगळं शहर दगडी फरशीचं आहे. शूज म्युझियमला जायचं म्हणून नवीन हील्स घालून येणारी एक मुलगी प्रत्येक बॅचमध्ये असतेच आणि दुपारी बँडेड मागत फिरते.

याच्यात मराठी काही कनेक्शन आहे का, की उगाच?

आहे की! इंदिराराजे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची मुलगी, ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेलं लग्न स्वतः मोडलं आणि कूचबिहारच्या राजपुत्राशी केलं, गायत्रीदेवींची आई. या बाई फेरागामोच्या गिऱ्हाईक होत्या, शंभरावर जोडांची ऑर्डर दिलेल्या, आणि शूजवर लावायला मोती आणि हिरे घरचे पाठवलेले. गायकवाडांच्या मुलीला चपलेत मोती लावण्याचं काय अप्रूप असणार म्हणा. अर्थात त्याच गिऱ्हाइकांच्या यादीत मुसोलिनी आणि हिटलरची एव्हा ब्राउन पण होते. कारागीर पाय बघतो, असं म्हणून सोडून द्यायचं की नाही यावर बसमध्ये चर्चा करू.

घरी म्हणतात चपला बघायला एवढे लाख? काय उत्तर देऊ?

हा प्रश्न हसत विचारतात पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी असतं. कोणी इटलीला चित्रं बघायला चाललंय म्हटलं तर असं विचारत नाहीत. चामड्याचं काम म्हटलं की आपल्याकडे लगेच जात येते डोळ्यासमोर, आणि मुलगा-मुलगी फुटवेअर डिझाइन करतेय हे काही घरांत नातेवाइकांना सांगताना नुसतं "डिझाइन" म्हणतात. माझ्या वर्गात दोन्ही प्रकारची मुलं असतात, ज्यांच्या आजोबांच्या हातात आरी-रापी होती ती, आणि ज्यांच्या घरात चामडं शिवायचं म्हणजे विटाळ होता ती. त्या तळघरात दोघं शेजारी उभी राहून एकाच लास्टकडे बघत असतात, आणि गंमत म्हणजे ज्याला घरातून माहिती आहे तो पोरगा तिथे बाकीच्यांना समजावून सांगत असतो की चामडं कुठल्या दिशेला ताणलं की कसं बसतं.

फेरागामोच्या गावातही हे काम हलकंच होतं हे वर लिहिलंय. म्हणून लगेच "बघा, तिकडेही तसंच" म्हणू नका, तसंच नाहीये. त्याचा व्यवसाय गरिबाचा होता म्हणून हलका, आणि पैसा आल्यावर तो डाग धुतला गेला, त्याने राजवाडा विकत घेतला. आपल्याकडे पैसा आल्यावरही आडनाव विचारतात. तेव्हा घरी हे सगळं सांगत बसायचं नसेल तर मटेरियल आणि स्ट्रक्चर शिकायला चाललोय म्हणून सांगा, ते खोटं नाही.

मग कोल्हापुरी आणि प्राडाचं ते प्रकरण? त्यावर म्युझियममध्ये काही आहे?

नाही, प्राडा वेगळी कंपनी, मिलानची. पण हा प्रश्न दरवेळी येतो आणि यायलाच हवा, कारण नक्कल आणि हक्क या गोष्टी तिथे पेटंटचे कागद बघताना समोर येतातच.

थोडक्यात झालेलं असं. जून २०२५ मध्ये मिलानच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये प्राडाने हुबेहूब कोल्हापुरीसारख्या चपला रॅम्पवर आणल्या, कोल्हापूरचं नाव कुठेच नाही, आपल्याकडे भडका उडाला, मग त्यांनी महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून मान्य केलं की प्रेरणा तिथूनच आहे. त्यांची टीम कोल्हापूरला येऊन गेली आणि डिसेंबर २०२५ मध्ये आपलं लिडकॉम, म्हणजे संत रोहिदास महामंडळ, आणि कर्नाटकचं तसंच चर्मोद्योग महामंडळ लिडकर यांच्याबरोबर चपला इथेच बनवून घ्यायचा करार झाला.

आता तुलना करा. फेरागामोने शेकडो पेटंट काढली, कागद आज रोमच्या सरकारी अर्काइव्हमध्ये आहेत. पेटंट एका माणसाच्या नावावर असतं, ठरावीक वर्षांपुरतं. कोल्हापुरीचा शोध एका माणसाने लावलेला नाही, कापशी गावच्या लोकांनी काही भर घातली, कुणी वेणी घातली, कुणी कान (बाजूच्या पट्ट्या) बदलले, त्याचं पेटंट कोण कुणाच्या नावाने काढणार? म्हणून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, जो २०१९ मध्ये मिळाला, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना. पण जीआय मुख्यतः नाव राखतो. नाव न वापरता आकार उचलला तर कायद्याने फार काही करता येत नाही, आणि नेमकं तेच झालं होतं. चिडायचं तर चिडा, पण नक्की कुठल्या फटीतून माल गेला ते माहीत असूद्या.

आणि वेजच्या गोष्टीशी जोडून एक बघा. कोल्हापुरीत पण शँक नाही, खिळा पण नाही, चामड्याच्या वादीने शिवलेली, बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेलं चामडं. जे आसपास मिळतं त्यात बसवलेलं डिझाइन. २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर बैलाच्या कातड्याचंही गणित बदललं आणि कारागिरांना पुन्हा मटेरियलची जुळवाजुळव करावी लागली. फेरागामोने बूच घेतलं तर त्याला जीनियस म्हणतात. १९५० च्या सुमाराला त्याच्याकडे सातशे कारागीर दिवसाला साडेतीनशे जोड हाताने बनवायचे, त्यातल्या किती जणांची नावं भिंतीवर आहेत ते तिथे गेल्यावर शोधा. हा पण असाइनमेंटचा भाग समजा, मार्क जास्त आहेत.

वरच्या दुकानातून काही घेता येईल का?

घेता येईल, परवडेल का ते वेगळं. पुस्तकं किंवा पोस्टकार्ड मिळतात का ते म्युझियमच्या काउंटरवर विचारा. दुकानात दहा-दहाच्या घोळक्याने शिरू नका, दोघं-तिघं जा, आणि हातात घेण्याआधी विचारा. घालून बघायला लाजू नका, त्यांचं कामच ते आहे, आणि आतून इनसोल बघायला मिळतो जो काचेमागे दिसत नाही.

इटलीला जाणं जमत नाहीये, दुसरीकडे कुठे असं म्युझियम?

टोरांटोला बाटा शू म्युझियम, हे पण १९९५ चं, सोन्या बाटांनी जमवलेलं, जगभरच्या हजारो वर्षांच्या पादत्राणांचं. तिकडे भाऊ-बहीण असणारे आपल्याकडे भरपूर आहेत, गेलात तर जा, डिझायनरपेक्षा माणसांच्या चालण्याचा इतिहास म्हणून ते जास्त मोठं आहे. इंग्लंडमध्ये नॉर्थम्प्टन. फिलिपिन्समध्ये मारिकिना, तिथे हुकूमशहा मार्कोसची बायको इमेल्डा हिचे शेकडो जोड आहेत, शिकण्यासारखं त्यात काय आहे ते बघून ठरवा. इटलीतच वेळ उरला तर व्हेनिसजवळ स्त्रा गावात व्हिला फोस्कारिनी रोस्सी, जिथे मोठ्या फ्रेंच फॅशन हाउसेससाठी कारखान्यात बनलेले शूज ठेवलेत, आणि मिलानजवळ व्हिजेव्हानोच्या किल्ल्यातलं म्युझियम. आणि यातलं काहीच जमत नसेल तर कोल्हापूरची चप्पल लाइन आहे, तिकीट नाही, कारागीर बोलतात पण छान, फक्त दुपारी जेवायच्या वेळेला जाऊ नका.

रिपोर्ट कधी द्यायचा, मराठीत चालेल का?

परत आल्यावर पंधरा दिवसांत. मराठीत चालेल, इंग्रजीत चालेल, मिसळलेलं पण चालेल. स्केच मूळ हवीत, मोबाइलवरून ट्रेस केलेली मला लगेच कळतात. गूगलवरून उचललेला इतिहास नको, तो मी वर लिहूनच दिलाय. फाइलचं नाव स्वतःच्या नावाने सेव्ह करा, "फायनल फायनल २" नको.